रंगामागे दडलंय काय?

मे महिन्यात अंधेरीत रूम घेतली तेव्हा भिंती एकदम पांढऱ्याशुभ्र. आम्ही तिघी खूश! जुलै उजाडला आणि कपाटामागून काळे ठिपके डोकावायला लागले. कपड्यांना कुबट वास. आमच्यातल्या एकीला दमा आहे, तिचा इनहेलर रोज बाहेर यायला लागला. घरमालक काका म्हणाले, ‘‘मुंबईत पावसाळ्यात असं होतंच गं. रंग मारून देतो.’’ गेल्या वर्षीही त्यांनी तेच केलं होतं, हे शेजारच्या काकूंकडून कळलं.

‘रंग मारा’ हे उत्तर किती महागात पडू शकतं, हे इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये दिसलं. तिथे एका बाबांनी भाड्याच्या फ्लॅटमधल्या बुरशीची तक्रार केली, तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं गेलं. २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक गेला. घरातल्या बुरशीने जडलेल्या श्वसनविकारामुळे, असा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. पुढे त्याच्या नावाने कायदा आला.

हे वाचलं आणि आम्ही पेंटरऐवजी इन्स्पेक्टर बोलावला. हो, घरातली ओल आणि बुरशी तपासणं हे चक्क प्रोफेशन आहे!

ठिपके नाही, पाणी शोधा

मला वाटलं, दादा येतील, ठिपके खरवडून लॅबला पाठवतील. त्यांनी ठिपक्यांकडे जेमतेम पाहिलं. आधी प्रश्न : ओल कोरड्या दिवशीही असते का? या भिंतीच्या वर काय आहे?

मग निघाला मॉइश्चर मीटर. त्याच्या दोन पिना भिंतीला टेकवायच्या. ओल जितकी जास्त, तितकी वीज सहज वाहते आणि रीडिंग चढतं. पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही, कोरड्या भिंतीशी तुलना करायची. थर्मल कॅमेऱ्यालाही बुरशी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. ओला भाग थंड असतो, म्हणून वेगळ्या रंगात उठतो.

आमच्याकडे सर्वांत जास्त रीडिंग कपाटामागे नव्हतं, छताच्या कोपऱ्यात होतं. वर बाथरूम! तिथली नहाणी बंद करून पाणी साठवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातलं रीडिंग आणखी चढलं. म्हणजे बिचारा पाऊस निर्दोष.

‘‘हवेची टेस्ट करायची का?’’ मी विचारलं. दादा नको म्हणाले. बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा सॅम्पल घेण्याची गरज नसते, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ‘ईपीए’सुद्धा सांगते.

रूम बघायला जाताय?

- फक्त एकाच भिंतीला नवा रंग असेल तर कारण विचारा.
- कपाट सरकवून मागे बघा, सिंकखाली वास घ्या.
- जो तपासतो, त्यालाच वॉटरप्रूफिंगचं काम देऊ नका. त्याला लीकेज सापडण्यातच फायदा असतो.

फोटो आणि रीडिंग असलेला रिपोर्ट पाहून काका सोसायटीत गेले. वरच्या बाथरूमची दुरुस्ती झाली. आमची भिंत अजून सुकतेय, दिसायला भयंकर आहे. काका परवा रंगाचा डबा घेऊन आलेच होते. आम्ही तिघी एका सुरात म्हणालो, ‘‘काका, आत्ता नको!’’