मागून येणारा सूर

दोन सीटच्या स्पोर्ट्स कारला मागे स्पीकर बसवायचे म्हणजे नेमके कुठे? आणि त्याहून महत्त्वाचं, कशासाठी?

नवीन गाडी घेतली की आपल्याकडे दोन फेऱ्या ठरलेल्या असतात. पहिली देवळात, दुसरी ॲक्सेसरीजच्या दुकानात. सीट कव्हर, मॅट, परफ्यूम झालं की दुकानातला पोऱ्या हळूच विचारतो, "सर, साउंडचं काय?" आणि आपण विरघळतो. हॅचबॅकच्या मागच्या ट्रेला दोन लंबगोल भोकं पडतात, त्यात 'सहा-नऊ' स्पीकर बसतात आणि सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यालाही आपली प्लेलिस्ट पाठ होते. मागे स्पीकर म्हणजे भारी साउंड, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की, ज्या गाडीला 'मागे' असं काही नसतंच तिथे काय करायचं, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही.

मला तो पडला न्यू जर्सीत. माझा आतेभाऊ तिथे एडिसनला राहतो, आयटीत आहे. दादाने सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली, अमेरिकेत जिला सगळे लाडाने 'मियाटा' म्हणतात ती. माझदा म्हटलं की आपल्याला शाळेची स्वराज माझदा बस आठवते. ही त्याच घराण्यातली, पण अगदी उलट स्वभावाची पोरगी! १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दिसलेली, दोन सीटची, छप्पर मागे ढकलून उघडता येणारी. २०१६ साली या मॉडेलची दहा लाखावी गाडी तयार झाली. दादाची गाडी पहिल्या पिढीतली, म्हणजे नव्वदच्या दशकातली. इंजिन झकास, रंग लालभडक आणि म्युझिक सिस्टीम? दारात दोन स्पीकर, बस्स.

सायरन ऐकूच आला नाही

छप्पर बंद असताना ते दोन पुरायचे. पण अशी गाडी कोणी छप्पर लावून चालवायला घेतं का? समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर १०० च्या वेगाला वाऱ्याचा असा काही घोंघाट सुरू होतो की गाणं राहतं बाजूला, फक्त 'चीं चीं' ऐकू येते. दादाचा हात मग आपोआप व्हॉल्यूमकडे जायचा. वीस, पंचवीस, तीस. एका शनिवारी मी शेजारी बसले होते. मागून ॲम्ब्युलन्स आली. दादाला ती आरशात दिसली, ऐकू आलीच नाही. त्याने गाडी बाजूला घेतली, ॲम्ब्युलन्स गेली आणि पुढची पाच मिनिटं आम्ही दोघंही गप्प होतो.

घरी आल्यावर वहिनी शांतपणे म्हणाली, "एक तर ती सिस्टीम नीट कर, नाहीतर गाणी बंद." दादाने पहिला पर्याय निवडला.

ड्रिलच्या खाली काय आहे?

पहिला मुक्काम जवळचं एक कार ऑडिओचं दुकान. तिथला उपाय तयार होता : सीटच्या मागे जो आडवा कट्टा आहे त्यावर दोन मोठे स्पीकर, सोबत ॲम्प्लिफायर आणि सबवूफर. खर्च ९०० डॉलर. माणूस ड्रिल घेऊन निघालासुद्धा! दादाने त्याला थांबवलं, कारण त्याने गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल वाचलं होतं.

या गाडीची पेट्रोलची टाकी कुठे आहे माहितेय? सीटच्या मागे, त्याच कट्ट्याच्या आत. कट्ट्यावरचं कार्पेट उचललं की पत्र्याचं एक झाकण दिसतं, त्याखाली पेट्रोल पंप. म्हणजे जिथे स्क्रू मारायचे, तिथून टाकी हाताच्या अंतरावर. शिवाय छप्पर उघडलं की त्याची घडी नेमकी त्याच कट्ट्यावर येऊन बसते. म्हणजे ज्या वेळी स्पीकरची सगळ्यात जास्त गरज, त्याच वेळी त्यांच्यावर गोधडी!

स्पोर्ट्स कार ही अशीच असते. तिच्यात एक इंचही जागा उगाच सोडलेली नसते. कुठे टाकी, कुठे बॅटरी (दादाच्या गाडीत ती डिकीत आहे), काही गाड्यांत तर सीटच्या पाठीला पाठ लावून इंजिन. त्यामुळे 'मागे दोन भोकं पाडू' हे वाक्य इथे चालत नाही.

मग कंपनीने स्वतः काय केलं होतं? पहिल्या मियाटाच्या काही मॉडेल्समध्ये स्पीकर सीटच्या डोक्याकडच्या भागात, म्हणजे हेडरेस्टमध्ये होते. २०१५ पासूनच्या नव्या पिढीतही बोसची सिस्टीम घेतली तर हेडरेस्टमध्ये स्पीकर मिळतात. दोन सीटच्या गाडीत 'मागे' म्हणजे कानाच्या मागे. उत्तर इतकं सोपं होतं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

पण दादाचा एक मित्र साउंड इंजिनिअर आहे. त्याने आधी एक गोष्ट करायला लावली आणि त्यातच अर्धी तक्रार संपली. "मागचं राहू दे," तो म्हणाला, "पुढचे स्पीकर तरी धड आहेत का बघ."

दाराचं पॅनल उघडलं. एका स्पीकरचा कागदी पडदा कडेने फाटलेला. दुसऱ्याच्या वायर उलट्या जोडलेल्या, प्लसच्या जागी मायनस. असं झालं की एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं एकमेकांचा बेस खाऊन टाकतात आणि आपण सबवूफर विकत घ्यायला पळतो! ओळखायची युक्ती सोपी आहे. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या वायरला क्षणभर टेकवायचा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर पडदा बाहेर सरकतो.

साडेसहा इंची नवीन जोडी आली, दाराच्या पत्र्याला आतून आवाज शोषणारी चिकट ब्यूटाइल शीट लागली. छप्पर बंद करून गाणं लावलं आणि वहिनी म्हणाली, "अरे, हे पुरे की!" बंद गाडीत खरंच पुरे होतं. उघड्या गाडीत नाही. दारातले स्पीकर असतात पोटरीजवळ. गाण्यातले शब्द ज्या वरच्या सुरांवर कळतात, ते सूर सरळ रेषेत जातात, पायांना अडतात आणि उरलेले वारा पळवतो. म्हणजे मागच्या स्पीकरचं काम आता नेमकं ठरलं होतं. ताकद वाढवायची नाही, शब्द कानापर्यंत पोचवायचे.

चार पिटुकले, दोन चॅनल

प्रत्येक सीटला दोन, असे साडेतीन इंची चार स्पीकर आणले. ६० डॉलरमध्ये चारही. हेड युनिटला चार चॅनल असतात, त्यातले मागचे दोन रिकामेच होते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हेड युनिटच्या वायरचे रंग ठरलेले असतात : पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. काळी रेघ असलेली वायर मायनस.

आता गंमत बघा. चार स्पीकर, पण चॅनल दोन. म्हणजे दोन्ही सीटचे डावे एका चॅनलवर आणि दोन्ही उजवे दुसऱ्यावर. प्रत्येक स्पीकर ४ ओहमचा. दोन समांतर जोडले तर २ ओहम होतात, हेड युनिटवर दुप्पट ओझं पडतं आणि ते तापून बंद पडू शकतं. एकामागून एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले की ८ ओहम. ताकद कमी मिळते, पण स्पीकर कानापासून वीतभर अंतरावर असताना ताकद हवीय कोणाला?

इवल्याशा स्पीकरला बेस झेपत नाही, त्यामुळे २०० हर्ट्झच्या खालचे सूर त्यांच्यापर्यंत जाऊच द्यायचे नाहीत. चांगल्या हेड युनिटमध्ये हे मेन्यूतून होतं. जुन्यात होत नसेल तर ८ ओहमच्या जोडीला १०० मायक्रोफॅरडचा एक नॉन-पोलर कपॅसिटर लावला की तेच काम होतं.

सीटखालून वायर नेताना दादाने एक वळसा सैल ठेवला. सीट पुढे-मागे सरकते, ताणलेली वायर घासते, घासली की शॉर्ट होते. ही बारीकशी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

उशिरा ये, पण हळू बोल

सगळं जोडून झालं, गाणं लावलं आणि... भयंकर! गायिका जणू मानगुटीवर बसून गातेय. पुढचा डॅशबोर्ड मुका.

कारण समजलं तेव्हा मला या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात भारी गोष्ट कळली. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दारातला स्पीकर कानापासून ९० सेंटिमीटर, हेडरेस्टमधला १५. म्हणजे मागचा आवाज दोन मिलिसेकंदांहून जरा आधीच पोचतो. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी येतो, तिकडूनच तो आला असं आपला मेंदू मानतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला, त्यामुळे याला 'हास इफेक्ट' म्हणतात. मागून येणाऱ्याला थोडा उशीर करायला लावला की गायिका गुमान पुढे, काचेसमोर जाऊन उभी राहते. मागचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, तो पुढच्यातच मिसळतो.

दादाच्या हेड युनिटमध्ये 'टाइम अलाइनमेंट' होतं. मागच्याला १० मिलिसेकंद उशीर दिला. मग आवाज हळूहळू वाढवत नेला आणि मागचे स्पीकर वाजतायत हे लक्षात येताक्षणी दोन पायऱ्या खाली. ते चालू असताना जाणवू नयेत, बंद केल्यावर मात्र चुकल्यासारखं वाटावं. हीच त्यांची परीक्षा.

पुढच्या शनिवारी त्याच रस्त्याला गेलो. तोच वेग, तोच वारा. व्हॉल्यूम तीसऐवजी एकवीसवर, आणि गाण्याचा शब्द न् शब्द कळत होता. मध्येच आत्याचा फोन आला, तोही ब्लूटूथवर नीट ऐकू आला. मुख्य म्हणजे मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला!

पण कान आपलेच

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्पीकर जवळ आणला म्हणून कान वाचतात असं नाही. कानाच्या पडद्यावर किती आवाज पडतो यावरच सगळं असतं, तो कुठून आला यावर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. मी फोनवरचं मीटर लावून बघितलं तर नुसत्या वाऱ्यानेच आकडा ८५ च्या पुढे जात होता. फोनचं मीटर काही प्रयोगशाळेतलं नव्हे, पण अंदाज येतो. दादा आता हायवेवर खिडक्यांच्या काचा वर ठेवतो आणि लांबच्या प्रवासाला छप्पर लावतो. स्पीकर कितीही चांगले असले तरी वाऱ्याशी मारामारी करून ते जिंकत नसतात.

तुमच्या गाडीत करायचं तर...

० मियाटा नसली तरी हिशोब तोच. आधी पुढचे स्पीकर, दारं आणि वायरची दिशा तपासा. पैसे उरले तर मागचं बघा.

० दोन जादा स्पीकरने आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट ताकदीने फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० लागतात.

० साइड एअरबॅग सीटमध्ये असेल तर सीट स्वतः उघडू नका. पिवळ्या कनेक्टरला हातही नको.

० कुठेही भोक पाडण्याआधी त्या पत्र्याखाली काय आहे ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुकान बदला.

० ॲम्प्लिफायर लावणार असाल तर बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो ॲम्पसाठी नसतो, वायरला आग लागू नये म्हणून असतो.

० हॅचबॅकच्या सैल ट्रेवर जड स्पीकर ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की ते ट्रेसकट पुढे येतात, आणि मागच्या सीटवर बहुतेक वेळा आपले आईबाबा बसलेले असतात.