काळ्या कोटाआडचे मन

बेळगावच्या कोर्टात आम्हा वकिलांचा दिवस दोन भाषांत जातो. पक्षकार मराठीत रडतो, कैफियत कन्नडमध्ये जाते. घरी मात्र आम्ही गप्प. पक्षकाराची गुपिते घरात सांगता येत नाहीत आणि झोप उडाली म्हटले, तर ‘वकील खचला’ अशी बोलवा होण्याची भीती.

अमेरिकेतल्या सुमारे १२,८०० वकिलांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. २८ टक्क्यांत नैराश्याची लक्षणे आढळली. मदत न घेण्याचे मोठे कारण ‘लोकांना कळेल’ हेच! ब्रिटनमध्ये १९९७ पासून ‘लॉकेअर’ ही संस्था अशांना व्यवसायातलाच सोबती मिळवून देते.

आम्ही पाच जण शनिवारी चहाला बसतो. नियम दोनच: ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. गेल्या पावसाळ्यात एक जण हळूच म्हणाला, ‘‘साकागैती री.’’ त्याच्या आठवड्याच्या तारखा आम्ही वाटून घेतल्या. एक जण त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेला. आज तो पुन्हा उलटतपासणी घेतो.

घरच्यांनो, ‘केस जिंकलात का?’ याआधी ‘जेवलात का?’ विचारा. आणि सोबतीने भागत नसेल, तर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तिथे मराठीतही बोलता येते, कन्नडमध्येही.