पेटी पुन्हा उघडली

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या अडाजणच्या घरी आरतीला पेटी वाजली नाही. बाबा नुसत्या टाळ्या वाजवत उभे होते. त्यांची बोटं संधिवातानं वाकली, तेव्हा त्यांनी पेटी माझ्याकडे सोपवली होती. आणि आता माझाच हात चालेना.

शाळेत असताना मी गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत पोचलो होतो. पुढे बीई, मग नोकरी. रोज दहा तास कीबोर्ड. रात्री उजव्या हाताला मुंग्या यायच्या, मी हात झटकत उठायचो. 'हात उशाखाली आला असेल' म्हणत सहा महिने काढले. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

निदान झालं कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. तिथे सूज आली की नस दबते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका बधिर होते, करंगळी सुटते. म्हणून डॉक्टरांनी आधी करंगळीबद्दलच विचारलं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, टेबलाची उंची नीट करणं आणि कामात मधेमधे थांबणं, एवढ्यावर माझं भागलं. दुखणं वाढलं असतं तर शस्त्रक्रिया होती.

हात सुधारला, तरी पेटीला हात लावायची भीती जाईना. बाबा म्हणाले, "अरे, हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले, तेव्हा बासरीची बाजू बदलून पुन्हा पहिल्यापासून शिकले. त्यांचे तर दोन्ही हात धड होते!" मग मला पियानोवादक लिऑन फ्लायशर सापडले. 1964च्या सुमारास त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडली. दुखणं माझ्यापेक्षा वेगळं आणि अवघड. अनेक वर्षं त्यांनी डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवल्या, शिकवलं. 2004मध्ये दोन्ही हातांनी वाजवलेला त्यांचा अल्बम आला.

मीही डाव्या हातानं अलंकार सुरू केले. भाता बाबा हलवायचे. त्याला बोटं कशाला लागतात? महिन्याभरानं उजवा हात, रोज दहाच मिनिटं.

यंदा पहिली आरती मी वाजवली, अगदी संथ. दुसऱ्या आरतीला हात थांबवला. बाबांनी भाता मिटला आणि म्हणाले, "उद्या दोन."

आपलं सुरत हातांवर चालतं, हिरे असोत, लूम असो की लॅपटॉप. रात्री मुंग्या येत असतील तर माझ्यासारखे सहा महिने घालवू नका. आणि कपाटावर पेटी असेल, तर एकदा खाली काढा.