हँडल मारणाऱ्या बायका : कॅले बंदरातला ॲम्ब्युलन्स ताफा

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी डिसेंबर १९१४मधे 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज घेतलं आणि त्याचं 'लॉयल्टी' नावाचं इस्पितळ-जहाज झालं, हे आपल्या मंडळींना ठाऊक आहेच. मी पडलो यंत्रांचा माणूस. मला प्रश्न पडला, आघाडीवरचा जखमी बंदरातल्या जहाजापर्यंत पोचायचा कसा? तो धागा धरून मी फ्रान्समधल्या कॅले बंदरात पोचलो, आणि तिथे स्टिअरिंगवर बायका दिसल्या.

'फर्स्ट एड नर्सिंग योमनरी', म्हणजे 'फॅनी', ही संघटना १९०७ साली इंग्लंडात निघाली. घोड्यावरून जाऊन जखमींना प्रथमोपचार द्यायचे, ही मूळ कल्पना. १९१४ला युद्ध पेटलं, तेव्हा ब्रिटिश युद्धखात्याला त्या नको होत्या. मग त्यांनी बेल्जियन सैन्यासाठी कॅलेत लामार्क इस्पितळ चालवलं. ब्रिटिशांचं मत बदलायला सव्वा वर्ष गेलं. १ जानेवारी १९१६ला तिथल्या ॲम्ब्युलन्स पुरुष ड्रायव्हरांकडून या बायकांच्या हाती आल्या. आगगाडीतून उतरलेले जखमी इस्पितळात न्यायचे, आणि पुढे जहाजावर पोचवायचे, हे त्यांचं काम.

आता यंत्राबद्दल. त्या काळच्या बहुतेक गाड्या हँडल मारूनच चालू होत. ठिणगी जरा उशिरा पडेल असं आधी लावून घ्यावं लागे. नाहीतर पिस्टन वर पोचायच्या आतच स्फोट होऊन इंजिन उलटं फिरे आणि हँडल मनगट मोडे. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. उमेदवारीत मी हे एका जुन्या जीपवर विसरलो होतो. पंधरा दिवस हात गळ्यात होता.

१९१६-१७चा हिवाळा तर भयंकर होता. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो. त्यामुळे या मुली रात्री पुनःपुन्हा उठून, बर्फात उभ्या राहून इंजिनं चालू करत. एरवी झोपायचं कधी, हा प्रश्नच होता.

आणि खरं कसब वेगात नव्हतंच, ते होतं हळू चालवण्यात. दगडी फरसबंदीचा रस्ता, मागे मोडक्या मांडीचा माणूस. प्रत्येक खड्ड्याची किंमत तो मोजायचा, आणि त्याचं ओरडणं पुढे ऐकू यायचं.

म्युरिएल थॉम्पसनचं उदाहरण बघा. १९०८ला ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर झालेली बायकांची पहिली शर्यत तिने जिंकली होती. तीच पुढे सेंट ओमेरच्या ताफ्याची प्रमुख झाली. मे १९१८च्या बॉम्बहल्ल्यात जखमी उचलल्याबद्दल तिला आणि तिच्या अनेक सहकारी बायकांना मिलिटरी मेडल मिळालं.

त्याच १९१८ साली ब्रिटनमधे बायकांना मताचा हक्क मिळाला, पण तिशी ओलांडलेल्यांनाच, आणि तोही मालमत्तेच्या अटीवर. म्हणजे पंचविशीतली ड्रायव्हर पदक लावून घरी आली, तरी मतदानाला तिला १९२८च्या कायद्याची नाहीतर तिशीची वाट बघावी लागली. गाडी मात्र तिने केव्हाच ताब्यात घेतली होती.