पहाटेच्या सामन्यासाठी दोनरंगी पायमोजे

मैत्रिणींनो, आपल्या प्रत्येकीच्या घरात एक तरी क्रिकेटवेडा असतोच. मेलबर्न-सिडनीचे कसोटी सामने आपल्याकडे पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात, आणि तेही ऐन डिसेंबर-जानेवारीत. नाशिक-पुण्याकडच्या थंडीत फरशी बर्फासारखी गार झालेली असते, आणि आपला वेडा टीव्हीसमोर अनवाणी! त्याच्यासाठी निळे-केशरी पायमोजे विणून ठेवले तर? साधे पायमोजे तुम्ही विणले असतील, तर दोन रंगांचे मुळीच अवघड नाहीत.

ही कला आली स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या फेअर आइल नावाच्या चिमुकल्या बेटावरून. तिथल्या बायका विणत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांशी त्या कपड्यांची देवघेव होई. १९२२ साली इंग्लंडच्या युवराजाने सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळताना त्या नमुन्याचा स्वेटर घातला आणि बघता बघता त्याची फॅशन झाली. म्हणजे खेळाचं आणि या विणकामाचं नातं जुनंच आहे, बरं का! तिचा नियम एकच : एका ओळीत दोनच रंग. जो रंग चालू नसेल, त्याचा धागा मागून मोकळा न्यायचा.

आधी माप घ्या. बोटांच्या मागे पाऊल जिथे सर्वांत रुंद असतं, तिथला घेर समजा ९ इंच आला. पायमोजा अंगासरशी बसावा म्हणून १ इंच कमी धरायचा. चार-पदरी लोकर आणि १२ नंबरच्या, दोन्ही टोकांच्या सुयांवर इंचाला साधारण ८ टाके बसतात. आठ आठे चौसष्ट : ६४ टाके घाला. तुमचा हात घट्ट की सैल, हे आधी छोटा तुकडा विणून मोजा. शाळेत मी मुलांना सांगते, आधी कच्चं गणित, मग पक्कं, इथेही तेच.

२ इंच बॉर्डर विणा (२ सुलट, २ उलट). मग दर ८ टाक्यांनंतर १ टाका वाढवा, ७२ होतील. हे विसरू नका हं! दोनरंगी विणीला ताण कमी असतो. टाके वाढवले नाहीत, तर पायमोजा टाचेवरून चढतच नाही. आता २ ओळी निळ्या विणून नमुना घ्या :

पहिली ओळ – १ केशरी, ५ निळे.
दुसरी – २ केशरी, ३ निळे, १ केशरी.
तिसरी – ३ केशरी, १ निळा, २ केशरी.
चौथी दुसरीसारखी, पाचवी पहिलीसारखी.

प्रत्येक ओळ गोल संपेपर्यंत पुन्हा पुन्हा विणायची. केशरी शंकरपाळ्यांची एक माळ तयार होईल. मध्ये २ निळ्या ओळी टाकून अशा तीन माळा करा. मग दर आठवा-नववा टाका एकत्र विणून ६४ वर या, आणि पुढचा घोटा, टाच, तळवा एकाच रंगात नेहमीसारखा विणा. केशरी धागा कायम निळ्याच्या खालूनच घ्या, म्हणजे तो सगळीकडे सारखा उठून दिसेल.

आवडत्या खेळाडूचा आकडा हवा असेल, तर तो विणण्याच्या भानगडीत पडू नका. गोल विणताना एकट्या आकृतीचा धागा नेमका नको तिथे राहतो. त्याऐवजी पायमोजा पूर्ण झाल्यावर जाड सुईत केशरी लोकर ओवून टाक्यावर टाका भरा. विणीचा टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, म्हणून ५ टाके रुंद आकड्याला १० ओळी उंची धरा. नाहीतर आकडा बसका दिसतो. आकडा कोणता, यावरून घरात वाद होईल. त्यावर माझा तोडगा १८! विराट कोहलीच्या पाठीवर आपण तोच पाहिला आणि सांगलीच्या स्मृती मंधानाच्या पाठीवरही तोच. बाप-लेक दोघंही खूश.

हो, लेकीलाही विसरू नका. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. पहाटे उठून सामना बघणारी मुलगी असली, की "अभ्यासाला उठत नाहीस ती!" असं आपण चटकन म्हणतो. तिच्या आवडीचे रंग आपल्या हातांनी विणले, तर न बोलताच तिला कळतं की तिचं वेडही घरात मोजलं जातं.

आता सर्वांत महत्त्वाचं. हे पायमोजे सासऱ्यांसाठी किंवा मधुमेह असलेल्या कुणासाठी असतील, तर जरा जपून. अशा पायांची जाणीव कधी कधी कमी झालेली असते. धाग्यात बोट अडकलं, बॉर्डर काचली, तरी त्यांना कळत नाही आणि छोटीशी जखम चिघळते. म्हणून मागचा धागा ५ टाक्यांहून लांब सोडू नका. तळव्याला आणि बोटांना नमुना नकोच. बॉर्डर सैल ठेवा, आणि पायमोजे काढल्यावर पायावर वळ राहत नाहीत ना, ते पाहा. गुळगुळीत फरशीवर लोकरीचे पायमोजे घसरतात, तेव्हा बाथरूमकडे जाताना वरून सपाता हव्यातच.

लोकर घेताना थोडं नायलॉन मिसळलेली घ्या. टाच लवकर विरत नाही. गडद लोकरीचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का ते आधीच पाहा. धुताना गार पाणी आणि रिठा, वाळवताना सावली.

रोज तासभर हातात घेतलं, तर पंधरा-वीस दिवसांत जोडी होते. आणि एक सांगू? उरलेल्या लोकरीतून स्वतःसाठीही एक जोडी घाला. पहाटे पाचला सामना बघणाऱ्यांसाठी चहा टाकायला उठणारीचेही पाय गारठतातच की!