मामा हसतो, पण डोळे हसत नाहीत

सोयाबीन विकून पुसेगावला परतलेल्या माझ्या मामाला विचारा, "काय भाव लागला?" तो चिडणार नाही. ओठ ताणून कसनुसं हसेल आणि म्हणेल, "लागला की काहीतरी." मामाची अँजिओप्लास्टी झालीय. आम्ही घरचे त्याच्या गोळ्या मोजतो, जेवणातलं मीठ मोजतो. हे हसू कुणी मोजत नाही.

तुमच्याही घरात असं कुणी आहे? मग पुढचं वाचाच.

१९५९मध्ये मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या अमेरिकन डॉक्टरांनी सतत घाईत, चढाओढीत जगण्याचा हृदयविकाराशी संबंध जोडला. 'टाइप ए' स्वभाव म्हणतात तो हाच. पुढे संशोधकांचं लक्ष घाईवरून आत धुमसणाऱ्या रागाकडे, वैरभावाकडे वळलं.

२००१मध्ये एरिका रोझेनबर्ग, पॉल एकमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. हृदयविकार असलेल्या ११५ पुरुषांची त्यांनी मुलाखत घेतली, चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल नोंदवली. काहींच्या हृदयाच्या स्नायूला त्या वेळी तात्पुरता रक्तपुरवठा कमी पडला. त्यांच्या चेहऱ्यावर रागाच्या छटा जास्त होत्या आणि खोटं हसूही! खरं हसू आलं की डोळ्यांभोवतीचा स्नायू आकसतो. खोट्यात बहुधा फक्त ओठ हलतात.

आणखी एक गोष्ट. वैरभाव मोजणाऱ्या लेखी प्रश्नावलीत या दोन गटांत ठळक फरक नव्हता. कागदावर जे उतरलं नाही, ते चेहऱ्यावर दिसलं.

आमच्याकडेही तेच होतं. डॉक्टर विचारतात, "काही टेन्शन?" मामा म्हणतो, "छे, काही नाही." आणि तेच हसतो.

अर्थात, चेहरा म्हणजे ईसीजी नव्हे. हा अभ्यास फक्त पुरुषांचा होता आणि रागामुळेच रक्त कमी पडलं, असंही त्यातून सिद्ध होत नाही. पण ताणाच्या वेळी रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत दुखेलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून पुढच्या तपासणीला बाबांसोबत, मामासोबत तुम्ही जा. ते "काही नाही" म्हणाले, तर घरात जे पाहता ते डॉक्टरांना तुम्ही सांगा. आणि छातीत दडपण, घाम, धाप असं काही जाणवलं, तर त्यांच्या हसण्यावर जाऊ नका. सरळ १०८ला फोन लावा.