अर्थशास्त्राच्या पदवीची आंखणी

बारावीचा निकाल लागला कीं घरोघरीं खल सुरू होतो. मोर्शीसारख्या गांवीं तो ओसरीवर, आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सर्वांच्या साक्षीनें चालतो. एखाद्या मुलानें अगर मुलीनें अर्थशास्त्र घेण्याचें ठरविलें, म्हणजे "ठीक आहे, पदवी तर होईल" असें म्हणून मंडळी जेवावयास उठतात. कोणत्या वर्षीं काय शिकावें आणि जोडीस कोणता विषय घ्यावा, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

आम्हींही विचारलें नव्हतें. आमच्या पुतणीनें गणित सोडून सोपे विषय घेतले. गुणही चांगले मिळविले. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची एक जुनी प्रश्नपत्रिका तिच्या हातीं पडली, तों तींत निम्मीं उदाहरणें गणिताचीं! पुरतें एक वर्ष घरीं बसून तिला तें शिकावें लागलें. "सोपें तें घे" असें सांगणारे आम्हीच होतों. म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणें राज्यांतील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ व चार वर्षांच्या पदवीस १६० ते १७६ श्रेयांक लागतात. मुख्य विषयाशिवाय दुय्यम विषयही निवडावा लागतो. आमच्या मतें तो शक्यतों गणित वा संख्याशास्त्र असावा. वस्तूचा एक नग अधिक काढण्यास खर्च किती वाढेल, हें कलनावांचून नीट मांडतां येत नाहीं. आणि संख्याशास्त्र पक्कें नसेल तर तिसऱ्या वर्षाची अर्थमिती केवळ पाठांतर होऊन बसते. म्हणून पहिल्या वर्षीं सूक्ष्म अर्थशास्त्राबरोबर गणित, दुसऱ्या वर्षीं स्थूल अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र आणि मग अर्थमिती व राजस्व, असा क्रम ठेवावा. गांवच्या महाविद्यालयांत हे विषय नसल्यास 'स्वयम्' या शासकीय संकेतस्थळावर शिकतां येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तेथून घेण्यास संस्था मुभा देऊं शकतात. मात्र महाविद्यालयाची संमति आधीं घ्यावी. भारतीय अर्थसेवेची परीक्षा द्यावयाची असेल, तर पदव्युत्तर पदवी लागतेच, हेंही प्रारंभींच ध्यानांत असावें.

परंतु नुसत्या गणितानें अर्थशास्त्र येत नाहीं. परदेशी सिद्धांत आपल्या परिस्थितीवर घासून पाहावेत, असें न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत सांगितलें. मोर्शीच्या विद्यार्थ्यास त्याकरितां दूर जावें लागत नाहीं. संत्र्याचें झाड लावल्यावर पांचसहा वर्षें केवळ खर्चच. येथें भांडवल आणि व्याज समजतें. आंबिया धरावा कीं मृग, हा निर्णय पाणी व भाव यांवर ठरतो. एक धरला म्हणजे दुसरा सोडावा लागतो. २०१९ नंतर बांगलादेशानें संत्र्यावरील आयातकर वाढवीत नेला, तेव्हां परक्या देशाच्या कराची झळ येथील बागाइतदारास लागली. १९३० सालीं पुण्यास स्थापन झालेल्या गोखले संस्थेनें धनंजयराव गाडगीळांच्या संचालकत्वाखालीं पुण्याच्या फळबाजाराची पाहणी करून ती १९३३ सालीं प्रसिद्ध केली. तोच कित्ता येथें गिरवावा. नव्या रचनेंत क्षेत्रप्रकल्पासही श्रेयांक आहेत. घरच्या वा शेजारच्या बागेचा वर्षाचा जमाखर्च मुलीनें स्वतः मांडावा, आणि वडीलधाऱ्यांनीं तिला वह्या निःसंकोचपणें दाखवाव्यात.

येत्या निकालानंतर ओसरीवर बसाल, तेव्हां जेवणाची घाई करूं नका. सर्व सत्रांचा एक कागद आंखा, मुलांसह वाचा, आणि पहिल्या ओळींत गणित आहे ना, तेवढें पाहा.